उंबऱ्याबाहेरचे गमबूट

रेवाशंकर वाचनालयाच्या उंबऱ्यावरून कुणाची चप्पल आत गेली, असं रखमीच्या हयातीत झालं नव्हतं. डहाणू रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरचं ते वाचनालय. पुढे पेपर वाचायचा हॉल, मध्ये पुस्तकांची कपाटं, मागे जुन्या पेपरांची अंधारी खोली. लग्न होऊन आली तेव्हापासून रखमीने ते झाडलं. एकदा एक तहसीलदार आला. बुटांच्या लेसी सोडायला वेळ लागतो म्हणून कुरकुरायला लागला. रखमी झाडू टेकवून म्हणाली, "मंग सोडू नका साहेब. इथंच बाकड्यावर बसा, पेपर मी आणून देते." साहेबाने मुकाट बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते तिने त्याच संध्याकाळी सगळ्या पाड्याला सांगितलं.

तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटली. अक्षरं तिच्या घरी आली नाहीत, तर ती अक्षरांच्या घरी जायला लागली, आणि कुणाच्या घरात शिरताना पाय कसे ठेवावेत हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चुकून पुस्तकाला पाय लागला तर ती वाकून हात लावायची, कपाळाला न्यायची. वाचायला येणारेही तसंच करायला लागले. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सेक्रेटरी सूर्यकांतभाईंनी तिला शाल दिली, नारळ दिला आणि माईकवर सांगितलं, "आपल्या वाचनालयाची शिस्त म्हणजे रखमीबेन!" ती शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात खुंटीला टांगलेली. पाहुणा आला की आधी ती शाल बघायची, मग चहा प्यायचा.

गुडघे गेले तसं काम सुनेकडे आलं. सून संगिता तलासरीकडची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, मांडीवर अजून अंगावर पिणारी पोर, शुक्री. काम सुनेचं झालं, पण उंबरा सासूनं सोडला नाही. रोज सकाळी रिक्षात सुनेच्या शेजारी शुक्रीला मांडीवर घेऊन बसायची आणि वाचनालयाच्या ओट्यावर, चपलांच्या मांडणीशेजारी ठाण मांडायची. आत सून झाडायची, बाहेर सासू येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायची.

नोटा बंद झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयात नवी ग्रंथपाल आली, श्रुतिका. ओठ दाबून बोलणारी पोर. आल्या आल्या तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. स्टेशनाकडून काही पोरं येत, पाठीला दप्तर, डोळे तांबारलेले, पेपर न उघडता मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत. एकदा संडासामागे सुई सापडली, एकदा जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात. श्रुतिकाने कमिटीच्या डोक्यावर बसून संगितासाठी सामान मागून घेतलं. काळे गमबूट, जाड रबरी हातमोजे, लांब चिमटा आणि सापडलेली सुई टाकायला घट्ट झाकणाचा डबा. काविळीची लस पण टोचून द्या म्हणाली. त्यावर सूर्यकांतभाई "जोऊं, जोऊं" म्हणाले आणि त्यांचं ते बघणं तिथंच राहिलं.

श्रुतिकाने संगिताला समोर बसवून सांगितलं होतं. "सुई टोचलीच, तर लपवायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. गोळ्या असतात. तीन दिवस उलटले की त्या गोळ्यांचा उपयोग नाही. कळलं?" संगिताला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती गमबूट चढवून उंबऱ्याशी आली. रखमीने काठी आडवी घातली.

"काय गो, होडीतनं मच्छी उतरवायला निघालीस?"

"मॅडम बोलल्या घालायला, आये. आत सुया असतात."

"सुया शिंप्याकडे असतात. काढ."

श्रुतिका बाहेर आली. "मावशी, नवीन आहेत ते. आतच वापरायचे, रस्त्यावर नाही न्यायचे. घाण नाही लागणार."

"तुझ्या देवघरात तुझी सासू नवीन बूट घालून पूजा करते का गं?"

"माझं लग्न नाही झालं, मावशी."

"मग होऊ दे आधी. नंतर ये मला शिकवायला."

हॉलमधले म्हातारे खो खो हसले. त्यात रेल्वेतून रिटायर झालेले गार्डकाका सगळ्यात मोठ्याने. ते पेपराच्या आडूनच म्हणाले, "रखमीचं बरोबर आहे हं मॅडम. हे विद्येचं घर आहे." श्रुतिकाचे कान लाल झाले. ती आत गेली. संगिताने बूट काढले आणि अनवाणी आत शिरली.

गमबूट घरी गेले. कमिटीने एकाच मापाचे मागवलेले, संगिताला सैलच होत होते, रखमीचा मुलगा नविन याला बरोबर बसले. नविन घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला. पाचोळ्यात साप निघतात, तिथं बुटांचं सोनं झालं. हातमोजे मिरच्या कुटायला आले. चिमट्याने चुलीतले निखारे ओढता यायला लागले. आणि डब्याचं झाकण इतकं घट्ट, की रखमीने त्यात करंदीची सुकी मच्छी भरली. वास बाहेर येत नाही म्हणून शेजारणींना दाखवलीसुद्धा.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, तेव्हाची गोष्ट. श्रुतिका अजून यायची होती. म्हातारे यायचे होते. संगिता मागच्या खोलीत खालच्या फळीखालचा कचरा ओढत होती. मोकळ्या पायाने पुढे सरकली आणि खाली बसली. टाचेच्या वर, मऊ भागात, सुई पार आत गेलेली. तिने ती उपटली आणि लंगडत ओट्यावर आली.

  रखमीने इंजेक्शन हातात घेऊन उजेडात धरलं.

"कुणा म्हाताऱ्याची साखरेची असंल. गार्डकाका नाय का पोटात टोचून घेत?"

"आये, हिच्यात रक्त हाय."

"तुझंच असंल."

"माझं लाल हाय," संगिता म्हणाली. "हे काळं पडलंय."

रखमी रस्त्याकडे बघत बसली. आता श्रुतिका येणार. बघणार. फोन करणार. सूर्यकांतभाई गाडीतून उतरणार, आणि तेच गार्डकाका पेपर खाली ठेवून म्हणणार की रखमीच्या हट्टाने सुनेचा पाय फोडला. उद्यापासून सगळे बूट घालून आत. शाल गेली, उंबरा गेला. आणि बोईसरच्या ठेकेदाराची माणसं झाडायला येणार, तसं कमिटी कधीपासून म्हणतच होती.

"मॅडम बोललेल्या, त्याच दिवशी जायचं," संगिता म्हणाली.

"मॅडम पुस्तकं वाचते म्हणून डाक्टरीण झाली का? काटा लागला असं सांग. पाड्यावर लागला म्हण."

"पण आये..."

"हे काम तुला कुणी दिलं?"

संगिताने पाय पुढे केला. रखमीने नळावर तिचा पाय धुतला, दाबून दाबून रक्त काढलं, कनवटीच्या डबीतला चुना भोकावर भरला. इंजेक्शन पेपरात गुंडाळून कमरेला खोचलं. घरी आल्यावर चुलीत घातलं. प्लास्टिक जळताना अशी घाण सुटली की त्या दिवसाच्या डाळीला तोच वास. नविन जेवताना म्हणाला, "काय टाकलंस यात?" रखमी म्हणाली, "तुझ्या बापाची हाडं. गप जेव." संगिता भिंतीकडे तोंड करून शुक्रीला पाजत होती.

श्रुतिकाने त्याच सकाळी विचारलं होतं. "लंगडतेस का?" "काटा लागला मॅडम, पाड्यावर." उंबऱ्यावरून रखमी ऐकत होती आणि ऐकून तिला बरं वाटलं.

आठवडा बाजार येऊन गेला. चुन्याने भोक उलटं चिघळलं, घोटा टम्म झाला. श्रुतिकाने एक दिवस संगिताला खुर्चीवर बसवून तिचा पाय मांडीवर घेतला. तिने काही विचारायच्या आधीच संगिताचा बांध फुटला आणि सुईचं सगळं बाहेर आलं. श्रुतिकाने तिला धरून बाहेर आणलं. रिक्षा थांबवली. रखमीही शुक्रीला घेऊन मागे चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने संगिताएवढीच. तिने सगळं ऐकून घेतलं. पाय साफ केला, धनुर्वाताचं दिलं, काविळीची लस सुरू केली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "त्या गोळ्यांची वेळ गेली."

"वेळ गेली म्हंजे काय?" रखमी उसळली. "गाडी हाय का ती? ही गेली तर मागची येईल."

"ही एकच गाडी होती, आजी."

डॉक्टरणीने पुढचं सांगितलं. आता एचआयव्हीची एक तपासणी, दीड महिन्याने दुसरी, मग तिसरी. तोवर नवऱ्याने जपायचं. आणि बाळाला अंगावरचं बंद करा. "सुई कुठंय?" असंही विचारलं. रखमी म्हणाली, "चुलीत." डॉक्टरणीने तिच्याकडे एकदाच बघितलं. रखमीला आयुष्यात पुष्कळांनी डोळे वटारून दाखवले होते, त्यांना ती पुरून उरली होती. या पोरीच्या बघण्यात राग नव्हता.

शुक्रीने बोंडलं धरलं नाही. रडून रडून निळी व्हायची. संगिताने छातीला लुगड्याचा पट्टा आवळून बांधला, तरी पोर रडली की पट्टा ओला व्हायचा. ती उठून परसात जायची, कानात बोटं घालून उभी राहायची. रखमी पोरीला मांडीवर आडवी घेऊन बोंडल्याने थेंब थेंब दूध सोडायची. "पी गो माझी बाय. पी. तुझी आय कामाला गेली." आय दहा पावलांवर केळीखाली उभी असायची.

पहिली तपासणी चांगली निघाली, दुसरीही. रखमीच्या अंगात पुन्हा जोर आला. ओट्यावर बसून श्रुतिकाला ऐकवलं, "बोलले होते ना? साखरेची सुई होती. उगाच पोरीचं दूध तोडलंत." श्रुतिका म्हणाली, "मावशी, तिसरी होऊ दे." रखमी म्हणाली, "तुला तिसरीच पायजे."

तिसरी झाली. चांगली निघाली नाही. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतलं, तेही तसंच.

नविनला तपासलं, तो साफ. शुक्री साफ. डॉक्टरणीने नीट समजावलं, की रोज गोळी घेतली तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो, काम करतो. पण नवरा साफ आणि बायकोला मोठा आजार, एवढंच पाड्याने उचललं. पाण्यावर बायका संगिताचा हंडा आला की आपला बाजूला घ्यायला लागल्या. ज्यांना रखमीने शाल दाखवून दाखवून वीट आणला होता, त्या आता तिच्याकडे बघून आपसात पुटपुटायच्या. "स्टेशनाजवळ काम. तिथं काय थोडी माणसं असतात?" नविन वाडीतच झोपायला लागला. भांडला नाही, मारलं नाही. नुसता यायचा थांबला.

श्रुतिकाने कमिटीपुढे विषय नेला. कामावर असताना लागलंय, वाचनालयाने तिच्या पाठीशी उभं राहावं, तिला कामावरून काढू नये. मीटिंगला रखमी आपणहून आली. चप्पल बाहेर काढली, आत येऊन उभी राहिली.

सूर्यकांतभाईंनी समजुतीच्या आवाजात विचारलं, "रखमीबेन, सुई इथेच टोचली, याला पुरावो?"

"माझ्या हातात होती सुई. मी बघितली. मीच चुलीत घातली."

"का घातली?"

रखमीने हॉलकडे बघितलं. म्हातारे पेपर खाली ठेवून ऐकत होते.

"माझा शब्द मोडायला नको म्हणून," ती म्हणाली. "चपला आत नाय, हा माझा शब्द. तिला बूट मी काढायला लावले. काटा सांग म्हणून मी बोलले."

 मग सूर्यकांतभाई हसले. वाईट नाही हसले, मायेनेच.

"बेन, तुला आम्ही काय आजच ओळखतो? एवढीशी धूळ दिसली तर तू स्टेशन डोक्यावर घेते. तहसीलदाराला नाही सोडलं. आणि सुनेच्या पायात सुई घुसली तर तू चूप बसणार? सुनेची अब्रू राखायला बोलते तू. समजतो आम्ही. सासू असावी तर अशी."

"मी खोटं नाय बोलत!"

"तेव्हा तर काटा बोललीस ना?" गार्डकाका म्हणाले. "श्रुतिका मॅडमना विचारा. काय हो मॅडम, काटाच सांगितला होता ना हिच्या सुनेने?"

श्रुतिका खाली बघून म्हणाली, "सांगितला होता."

  सुई, तिच्यातलं काळं रक्त, जळक्या वासाची डाळ, रखमीने कशाकशाचं नाव घेतलं तरी ती सुनेला झाकणारी चांगली सासूच ठरत होती. सूर्यकांतभाईंनी तिच्यासाठी चहा मागवला.

बुटांचाही विषय निघाला. "सामान आपण दिलेलं होतं," कुणीतरी म्हणालं, "वापरलं नाही, त्याला कमिटी काय करणार?" संगिताला तब्येतीच्या कारणाने विश्रांती द्यावी असं ठरलं.

तलासरीहून तिचा भाऊ रघ्या न्यायला आला. बाहेर रिक्षातच बसून राहिला. संगिताने गोळ्यांची बाटली तांदळाच्या पिशवीत खोल दडवली, कारण भावाच्या बायकोला अजून सांगितलं नव्हतं. पोरीला घेऊन जावं की नाही, या विचारात ती सकाळपासून उभीच होती.

"ने तिला," रखमी म्हणाली.

"तिथं कळलं की कोण हात लावंल तिला माझ्याबरोबर बघून?" संगिता म्हणाली. "इथं निदान तुझी पोर म्हणतील."

शुक्रीला तिने घेतलं नाही, लांबूनच बघितलं. आता पोर बोंडलं नीट प्यायची. मग संगिता सासूच्या पाया पडायला वाकली. रखमीने पाय मागे घेतले.

"नको गो."

"पडू दे, आये. घरातून निघताना पडतात." आणि पडली. जाताना टाचेवर थोडी लंगडत होती.

काही दिवसांनी रखमी रिक्षाने घोलवडला गेली. नविन झाडावर होता. बूट खाली पाचोळ्यात उभे होते. तिने ते उचलले आणि काही न बोलता निघाली. वरून तो "आये, साप आहेत इथं" म्हणाला, तरी थांबली नाही. घरी येऊन बूट राखेने घासले. चिकूचा चीक निघेना, म्हणून तेल लावून नखाने खरवडला. सकाळी शुक्रीला कडेवर, बूट हातात, आणि ती वाचनालयाशी उतरली.

नवी झाडणारी बाई होती काळी नावाची, आगर गावची. तरणी, अंगापिंडाने मजबूत, केसात अबोली. ओट्यावर झाडू आपटत होती. तिची चप्पल मांडणीत नीट लावलेली, टाचा भिंतीला.

"पोरी, हे घाल," रखमी म्हणाली. "आत सुया असतात."

काळीने बूट बघितले आणि हसली. "आजी, थट्टा करता का गरिबाची? मना पहिल्याच दिवशी गार्डकाकांनी सांगितला, इथं चप्पल चालत नाय, रखमीबाईचा कायदा हाय. तुमीच ना रखमीबाई?"

"मीच. मी सांगते, घाल. कायदा मोडला."

"तुमी मोडाल. माझी नोकरी नवी हाय." तिने बूट अलगद उचलले आणि बाकीच्यांच्या चपलांशेजारी ओळीत लावून ठेवले. उंबऱ्याला हात लावला, कपाळाला नेला. अनवाणी आत गेली.

श्रुतिकाच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता. तिची बदली झाली की ती सोडून गेली, रखमीने विचारलं नाही. तिने शुक्रीला ओट्यावर बसवलं. मांडणीतून गमबूट काढले. गुडघे वाकेनात, तरी बसून एक पाय घातला, मग दुसरा. नविनचे पाय मोठे, तिचे त्यात खुळखुळत होते. काठी टेकून उठली आणि ज्या उंबऱ्यावर तिने आयुष्य काढलं, तो बुटासकट ओलांडला.

फरशीवर रबराचा आवाज झाला. हॉलमधली डोकी वर झाली.

"ओ बाई! चपला बाहेर!" एक जण ओरडला.

"आजी, बूट? इथं?"

"काळी," तिने हाक मारली. "ए काळी, बाहेर ये त्या खोलीतनं."

गार्डकाका उठून आले. त्यांनी प्रेमाने तिचा दंड धरला. "रखमी, अगं तूच असं करायला लागलीस तर कसं? दमलीयस तू. चल, बाहेर बस." आणि तिला वळवून उंबऱ्याबाहेर ओट्यावर आणून बसवलं. स्वतः वाकून त्यांनी तिचे बूट काढले, एकेक करून, आणि मांडणीत ठेवले.

ओट्यावरची शुक्री तिच्याकडे बघून हात हलवत होती. आत, मागच्या अंधाऱ्या खोलीतून, खालच्या फळीखाली झाडू फिरल्याचा आवाज येत होता.